घरापासून दूरचे ठाणे



आपल्या गावात एखादे गुरुजी बदलून येतात. बिऱ्हाड तालुक्याला, शाळा इथं. शनिवारी शाळा सुटली की पिशवी उचलून एस. टी. गाठतात. माणूस कामाचा असतो. पण कुठल्या पोराच्या घरी काय अडचण आहे हे त्यांना उमगू लागते, तोच पुन्हा बदलीचा हुकूम येतो. दोष ना गुरुजींचा, ना गावाचा. आज याच प्रश्नाचे एक मोठे रूप मी आपल्यापुढे मांडणार आहे. ते आहे दूर कोरियात.

१९५० साली कोरियात युद्ध पेटले. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. तह मात्र कधीच झाला नाही. म्हणून अमेरिकेचे सैन्य दक्षिण कोरियात राहिले, ते आजतागायत. प्रश्न असा आला की, तिथे शिपाई ठेवायचा तो किती दिवस, आणि कसा? पुढची अनेक दशके बहुतेकांपुरते उत्तर ठरलेले होते: एक वर्ष, आणि एकट्याने. बायकामुले मायदेशी.

याला कारण होते. राजधानी सेऊलपासून सरहद्द अवघी पन्नासेक किलोमीटर. उत्तरेच्या तोफांच्या टप्प्यात लेकरांचे बिऱ्हाड कोण थाटील? शिवाय घरे, शाळा, दवाखाने यांचा खर्च वाचतो तो वेगळाच.

पण दुसरी बाजू पाहा. वर्षातले पहिले महिने रस्ते, हवा आणि माणसे ओळखण्यात जातात, शेवटचे निघायच्या तयारीत. मधे उरते ते खरे काम. सालगडी दरसाल बदलला तर कुठला बांध पावसात फुटतो हे त्याला कळावे कधी? अन् इकडे घरी मूल चालायला लागते, ते बापाला पत्रातून कळते!

म्हणून २००८ साली अमेरिकेने बेत केला की, बहुतेक ठिकाणी नेमणूक तीन वर्षांची करावी आणि कुटुंबे बरोबर न्यावीत. विचार चांगला, हिशेब मात्र जड निघाला. २०११ मध्ये तिथल्या संसदेच्या हिशेबतपासनिसांनी सांगितले की, २०५० पर्यंत खर्च बावीस अब्ज डॉलरच्या घरात जाईल, आणि दुसरे पर्याय नीट तपासलेलेच नाहीत. बेत बाजूला पडला. २०१५ मध्ये लष्कराने तिसरी वाट धरली. अख्खी ब्रिगेड एकत्र शिकवायची, नऊ महिने तिकडे धाडायची आणि परत आणायची. यात सोबती एकमेकांना ओळखतात, हा मोठा लाभ. पण मुलूख नवाच राहतो, आणि घरची वाट पाहणे काही संपत नाही.

याच कोरियात आपलेही जवान गेले होते, बरं का. १९५३ साली युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताने एक दल पाठविले. त्याचे सेनापती होते आपले मराठी मेजर जनरल थोरात. तेही घरदार मागे ठेवूनच गेले. पण त्यांच्या कामाला शेवट होता. १९५४ साली काम उरकून ते परतले.

मला वाटते, फरक इथेच आहे. ज्या कामाला शेवट आहे, ते माणूस एकट्याने निभावतो आणि घरही कळ सोसते. पण सत्तर वर्षे चालणारे काम दरवर्षी तात्पुरते म्हणून चालविले, तर त्याची खरी किंमत सरकारी खातेवहीत दिसत नाही. ती एकेका घरातून वसूल होत राहते. ठाणे वसविणाऱ्याने आधी एवढे ठरवावे की, हे काम थोड्या दिवसांचे की पिढ्यांचे? पिढ्यांचे असेल, तर घरांचा विचारही त्यातच करावा लागतो. तो खर्च पेलत नसेल, तर निदान त्याचे ओझे कोण वाहतो आहे, हे तरी विसरू नये.

गावातल्या गुरुजींच्या बाबतीतही आपण हाच प्रश्न विचारून पाहू या.