मुठीतली ताकद
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सुचवलेला विषय होता 'ज्येष्ठांचे आर्थिक नियोजन'. बँकेतल्या माणसाला दुसरं काय विचारणार म्हणा! पण ठेवींचे व्याजदर आता माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त पाठ असतात. म्हणून मी विषय बदलून मागितला. आज मी हाताच्या पकडीबद्दल बोलणार आहे. आपण एखादी गोष्ट किती जोरात आवळू शकतो, एवढाच हा विषय आहे. ऐकायला साधा वाटतो, पण आपल्या वयाच्या माणसांसाठी फार कामाचा आहे.

माझी सगळी नोकरी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत झाली. सातारा, कराड, विटा, तासगाव आणि शेवटी सांगली. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागायची. नमुना सहीचं कार्ड काढून समोरच्या सहीशी ताडून बघायचं, हे आमचं रोजचं काम. वीस वर्षांपूर्वीची सही मोत्याच्या दाण्यासारखी आणि आजची पाटीवरून मुंगी चालल्यासारखी. एक निवृत्त शिक्षक तर चेकवर सही करायच्या आधी उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळून घ्यायचे. सही बदलण्यामागे ताकदीशिवाय दुसरीही कारणं असतात. हाताला कंप असतो, नजर गेलेली असते, मधुमेहाने बोटं बधिर झालेली असतात. पण त्या काउंटरमुळे मला माणसाच्या चेहऱ्याआधी हात बघायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही.

(जाता जाता एक सांगतो, कारण हा प्रश्न मला जिन्यात कायम विचारला जातो. हात चालत नसेल तर खातं अडकून पडत नाही. अंगठ्याचा ठसा चालतो. तो बँकेच्या ओळखीच्या दोन साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या तशा सूचनाच आहेत. तेव्हा आजारी माणसाला खुर्चीत घालून बँकेत नेण्याआधी शाखेत जाऊन बोला.)

आता घरातली गोष्ट. आमच्या सौभाग्यवती दोन वर्षांपूर्वी बाथरूमच्या उंबऱ्याशी घसरल्या. नळाचा आधार घ्यायला गेल्या, हात सुटला आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. तिथे त्या ताईंनी एक यंत्र हातात दिलं, त्याला हँडग्रिप डायनॅमोमीटर म्हणतात. मूठ आवळली की काटा किलोमध्ये जोर दाखवतो. मोडलेला हात कमी दाखवणार, हे आम्ही धरूनच होतो. पण तुलनेसाठी त्यांनी उजवा, चांगला हात मोजला, तर तो भरला १३ किलो. ताईंनी दोनदा मोजून घेतला. मग म्हणाल्या, "काका, डावा हात सुधारेल. मला काळजी उजव्याची वाटते."

त्या वाक्याने मी हा विषय धरला. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये एक मर्यादा ठरवली आहे. पुरुषांची पकड २८ किलोपेक्षा कमी आणि बायकांची १८ पेक्षा कमी असेल तर स्नायू क्षीण होत असल्याची शंका घ्यावी. या स्नायूंच्या झिजेला डॉक्टर सार्कोपेनिया म्हणतात. आपल्याकडे नुसतं 'अंग गळालं' म्हणायचे, तेच हे. युरोपवाल्यांची मर्यादा थोडी वेगळी आहे, २७ आणि १६. आता आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांची सरासरी पकड मुळातच गोऱ्या लोकांपेक्षा कमी भरते. त्यामुळे एकाच आकड्याने लगेच धास्तावून जाऊ नये. पण १३ हा आकडा कुठल्याच फूटपट्टीत बसणारा नव्हता.

तुम्ही म्हणाल, मुठीचा आणि आयुष्याचा काय संबंध? हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासला गेला आहे. १७ देशांतल्या ३५ ते ७० वयाच्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पकड मोजली आणि साधारण चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. भारतही त्या १७ देशांत होता. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. पकड दर ५ किलोने कमी, तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही वाढलेला. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही मुठीच्या आकड्यावरून मृत्यूचा अंदाज जास्त चांगला बांधता आला. आपण घरोघरी बीपीचं मशीन घेऊन बसलोय, आणि मुठीकडे बघायला कुणाला सवड नाही!

दुसरा अभ्यास हवाई बेटांवरचा आहे. तिथल्या जपानी वंशाच्या पुरुषांची पकड त्यांच्या ४५ ते ६८ या वयात मोजली आणि २५ वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. ज्यांची मूठ मध्यम वयात घट्ट होती, त्यांना म्हातारपणी चालायला, स्वतःचं स्वतः करायला अडचण कमी होती. पंचवीस वर्षं! ही सोसायटी उभी राहिली तेव्हा आपल्यातले बरेच जण पन्नाशीत होते. आजच्या सभेत जे पंचेचाळिशी-पन्नाशीत आहेत आणि हे भाषण आपल्यासाठी नाही असं समजून मोबाइल बघताहेत, त्यांनी एवढं तरी ऐकावं.

मात्र इथे एक घोटाळा होतो. हे ऐकलं की माणूस उठतो, बाजारातून रबरी चेंडू आणतो आणि टीव्हीसमोर दाबत बसतो. मी बँकेच्या भाषेत सांगतो. पकड म्हणजे पासबुकातली शिल्लक. पासबुकात पेनाने आकडा वाढवून लिहिला म्हणून खात्यात पैसे येत नाहीत. खातं म्हणजे सबंध अंगातले स्नायू. मांड्या, पाठ, खांदे, सगळे. हाताची मूठ चटकन मोजता येते म्हणून आपण ती मोजतो. चेंडू दाबल्याने पंजाला व्यायाम होईल, तो वाईट नाही, पण जिना चढायला चेंडू उपयोगी पडत नाही.

आपल्या भागाला हे नव्याने शिकवायला नको होतं खरं तर. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्या कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. कुस्तीत पकड हा शब्दच डावाचा आहे, आणि ती कमवायला पैलवान नुसता पंजा दाबत बसत नाही. जोर, बैठका, दोर चढणं, मातीत फावडं मारणं, सगळं अंग राबतं तेव्हा पंजा तयार होतो. बायकांचं हेच काम जातं, पाटा-वरवंटा आणि विहिरीचा पोहरा करायचा. ते दिवस परत यावेत असं मी अजिबात म्हणत नाही. दळून दळून माझ्या आईचे खांदे कायमचे गेले होते. पण मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, लिफ्ट आली, आणि त्या कष्टांच्या जागी दुसरं काहीच आलं नाही, हेही खरं.

साताऱ्यात होतो तेव्हा सकाळी अजिंक्यतारा चढणारी सत्तरीची माणसं रोज दिसायची. सांगली पडली सपाट. इथे चढ म्हणजे आयर्विन पुलाचा, आणि तोही स्कूटरवरून. (हशा.) २०१९ च्या पुरात गावभागातल्या माझ्या एका चुलतभावाला बोटीत घ्यायची वेळ आली. तो रोज तासभर फिरणारा माणूस, पाय उत्तम. पण बोटीचा काठ धरून स्वतःला वर ओढता येईना. दोन पोरांनी काखेत हात घालून उचलला. नुसतं चालणं पुरत नाही, ते असं.

तर आमच्या घरी काय केलं? डॉक्टरांनी हाडांची घनता तपासली, कारण साध्या पडण्याने मनगट मोडलं की हाडंही बघावी लागतात. ड जीवनसत्त्व कमी निघालं, त्याचं औषध दिलं. ताईंनी व्यायाम दिला. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. भिंतीला हात लावून जोर. पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणं. भाजीची पिशवी हातात धरून चालणं, ओला टॉवेल पिळणं. आठवड्यातून तीन दिवस. श्वास रोखून जोर लावायचा नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं, विशेषतः बीपीवाल्यांनी.

आणि खाणं. या वयात स्नायूंना प्रथिनं जास्त लागतात. वजनाच्या दर किलोला दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. ५५ किलोच्या बाईला साधारण ५५ ते ६६ ग्रॅम. आता हिशेब करा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, कपभर दुधात तितकेच, मूठभर शेंगदाण्यात ७. आमच्या सौ. रात्री चहा आणि दोन खारी बिस्किटं घेऊन झोपायच्या, "मला भूकच नसते" म्हणून. घरोघरी हेच चालतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल ते वरण बाईच्या वाट्याला. आता आमच्याकडे मटकीची उसळ, दही, एक उकडलेलं अंडं ठरलेलं आहे. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

सहा महिन्यांनी उजवा हात १६ भरला. आज १७ आहे. अजून १८ झालेला नाही. पण लोणच्याच्या बरणीचं झाकण त्या स्वतः उघडतात, आणि खुर्चीतून उठताना 'अगं आई गं' ऐकू येत नाही. वय झालं, आता काय ताकद येणार, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला. सरासरी वय ९०. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. असं व्याज कुठली बँक देत नाही.

एक धोक्याची सूचना. पकड हळूहळू कमी होते ती वेगळी. पण एका हाताची ताकद अचानक गेली, हातातला कप निसटला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तेल चोळत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ताबडतोब हॉस्पिटल.

आता समितीकडे मागणी, माईक हातात आहे तोवर. आपल्या जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे. चढताना उजव्या हाताला येतो, उतरताना डाव्या. ज्याचा एक हात दुखावलाय त्याने एका वेळी आधाराविना जायचं का? दुसऱ्या बाजूला पाइप बसवा. तो मुठीत मावेल असा गोल हवा, रुंद पट्टी नको, तिच्यावर नुसता हात टेकतो, पकडता येत नाही. गच्चीच्या दाराची कडी दोन्ही हातांनी ओढावी लागते, ती बदला. आणि रौप्यमहोत्सवाच्या निधीतून प्रवेशद्वारावर कमान उभारायची असं ऐकतो. कमानीला माझा विरोध नाही. पण आधी कठडा करा, उरलेल्या पैशांत कमान.

येत्या रविवारी सकाळी आठ ते दहा क्लब हाऊसमध्ये पकड मोजायची सोय केली आहे. फिजिओथेरपिस्ट ताई यंत्र घेऊन येणार आहेत. खुर्चीत बसायचं, कोपर काटकोनात, पाय जमिनीवर, दोन्ही हात दोन-दोनदा, सर्वांत मोठा आकडा तुमचा. ज्यांचं नुकतंच डोळ्याचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालंय त्यांनी या वेळी नुसतं बघायला यावं. आकडा तुमच्या चिठ्ठीवर लिहून मिळेल, नोटीस बोर्डावर लागणार नाही. चहाची व्यवस्था आहे. आणि सोबत चहाला बिस्किटं नाहीत, उकडलेल्या शेंगा आहेत.