कोच एडी रॉबिन्सन : एक घंटा आणि एक नोकरी
(गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कार समारंभात केलेले भाषण)



मी बँकेत कारकुनी करणारा माणूस. आकड्यांशी माझा रोजचा संबंध, भाषणाशी मात्र नाही. तरीही आपण मला दोन शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. आज मी आपल्याला अमेरिकेतील एका कॉलेजच्या फुटबॉल कोचची ओळख करून देणार आहे. तिथला फुटबॉल आपल्यासारखा नाही. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे, तो फेकायचा आणि समोरची फळी फोडायची, असा तो खेळ.

एडी रॉबिन्सन यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९१९ रोजी लुइझियाना राज्यातील जॅक्सन या गावी झाला. वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत, आई लोकांच्या घरी घरकाम करी. काळ्या माणसांची शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी, असा तो दक्षिणेतला काळ. लेलँड कॉलेजची पदवी हाती असूनही हा तरुण पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर राबत होता. १९४१ मध्ये, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, ग्रॅम्बलिंग येथील काळ्या विद्यार्थ्यांच्या एका लहानशा कॉलेजने त्याला कोच म्हणून नेमले.

कोच म्हटले की शिट्टी वाजवणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. रॉबिन्सन मैदानाचे गवत कापत, चुन्याच्या रेषा आखत आणि सामन्याची बातमी लिहून वर्तमानपत्राला देत. दूरच्या प्रवासात गोऱ्यांच्या हॉटेलात मुलांना जेवण मिळत नसे. म्हणून सँडविचेस बांधून न्यावी लागत. एकदा दोन खेळाडू भावांना वडिलांनी कापूस वेचणीसाठी घरी ठेवून घेतले. रॉबिन्सन भांडले नाहीत. अख्खा संघ घेऊन ते शेतात गेले आणि कापूस वेचून दिला. १९४२ मध्ये त्यांच्या कॉलेजच्या संघाने ९ पैकी ९ सामने जिंकले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही.

पण मित्रांनो, मला त्यांची सर्वांत भावलेली गोष्ट वेगळीच आहे. रोज सकाळी ते हातात गुरांच्या गळ्यातली घंटा घेऊन वसतिगृहात फिरत आणि मुलांना उठवत. सरावासाठी नव्हे, वर्गात वेळेवर बसण्यासाठी! खेळ चार दिवसांचा, पदवी जन्माची, हे ते जाणून होते.

१९४९ मध्ये त्यांचा विद्यार्थी टँक यंगर लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघात गेला. काळ्यांच्या कॉलेजातून त्या राष्ट्रीय लीगमध्ये पोहोचलेला तो पहिला खेळाडू. तू कमी पडलास तर आपल्या कॉलेजांच्या मुलांना पुन्हा लवकर संधी मिळणार नाही, असे रॉबिन्सन यांनी त्याला बजावले होते. तो कमी पडला नाही. त्याच्यामागून दोनशेहून अधिक विद्यार्थी व्यावसायिक खेळात गेले. ३१ जानेवारी १९८८ रोजी डग विल्यम्स हा सुपर बोल जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक ठरला. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचे डोके. काळ्या मुलाला ते जमणार नाही, असे म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. हा डगही रॉबिन्सन यांचाच विद्यार्थी.

एकाच कॉलेजात राहून १९९७ पर्यंत रॉबिन्सन यांनी ४०८ सामने जिंकले. निवृत्तीच्या वेळी कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे विजय कोणाच्याच नावावर नव्हते. पुढे इतरांनी तो आकडा मागे टाकला. पण एकच नोकरी आणि एकच पत्नी हा आपला खरा विक्रम, असे ते स्वतःच म्हणत.

याला एक दुसरी बाजूही आहे. गोऱ्यांच्या मोठ्या कॉलेजांची दारे काळ्या मुलांना उघडली, तेव्हा उत्तम खेळाडू तिकडे जाऊ लागले. रॉबिन्सन यांच्या शेवटच्या तिन्ही हंगामांत संघाचे विजयांपेक्षा पराभव अधिक झाले. ज्या दारासाठी आयुष्यभर मुले घडवली, ते उघडले आणि आपलेच अंगण ओस पडू लागले! मला वाटते, चांगल्या गुरूच्या वाट्याला हे येतेच. १९९८ मध्ये त्यांच्या जागी डग विल्यम्सच कोच म्हणून आला. ३ एप्रिल २००७ रोजी रॉबिन्सन यांचे निधन झाले.

आता एक कबुली देतो. माझा मुलगा नववीत असताना गणितात नापास झाला. रागाच्या भरात मी त्याचे फुटबॉलचे बूट माळ्यावर टाकले. तो मैदानात जायचा थांबला, पण म्हणून पुस्तकही उघडेना. तेव्हा मी समजत होतो की खेळ आणि अभ्यास यांतले एकच निवडावे लागते. रॉबिन्सन यांचे चरित्र वाचल्यावर उमगले की मी बूट काढून घेतले, पण घंटा काही हाती घेतली नाही. पहाटे उठून त्याच्याजवळ बसलो नाही. बूट माळ्यावरून खाली काढले, तेव्हा ते त्याच्या पायाला लहान झाले होते.

म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे : मुलांना मैदानावर जाऊ द्या, पण सकाळची घंटा आपण स्वतः वाजवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी ती घंटा वाजवत असेल, तर पांघरूण डोक्यावर ओढू नका.