सही कुठं करू? : शाळा समितीची निवडणूक

पलूस तालुक्यातनं बोलतोय. आज विषय निवडणुकीचा आहे. आमदारकीचा नाही, झेडपीचाही नाही. आपल्या गावच्या मराठी शाळेच्या व्यवस्थापन समितीचा.

आमची वहिनी या समितीवर होती. तिला हे कधी कळलं? हेडमास्तरांनी रजिस्टर पुढं केलं तेव्हा. "ताई, इथं सही करा." झाली सदस्य! पालक सभा सकाळी अकराला होती. त्या वेळी वहिनी उसात भांगलत होती. खाडा पडला तर रोज बुडतो, मग सभेला जाणार कोण?

आता कायदा ऐका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम २१ सांगतं, सरकारी आणि अनुदानित शाळेत समिती पाहिजेच. तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आपल्याकडं हे पालक पालक सभेतनं निवडायचे असतात. अध्यक्षही पालकांतलाच. हेडमास्तर फक्त सचिव.

काम काय? शाळा नीट चालते का बघायचं, अनुदान कुठं खर्च झालं ते विचारायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा. म्हणजे संडासाला पाणी का नाही, हे विचारायचा हक्क वहिनीला होता. तिला तो कुणी सांगितलाच नाही.

आपल्या भागाला असला कारभार नवा नाही. कुंडल पूर्वी औंध संस्थानात होतं. तिथल्या राजानं १९३९ साली स्वराज्याची घटना देऊन गावपंचायतींच्या हाती कारभार सोपवला. आणि आपण शाळेच्या सभेला जात नाही!

पुढच्या खेपेला वहिनीनं एकच गोष्ट केली. चार बायकांना घेऊन शाळेत गेली आणि म्हणाली, "गुरुजी, सभा सांच्याला सातला ठेवा." ठेवली. वर्ग भरला. दोन नावं आली, हात वर झाले, मोजले. वहिनी एका मतानं पडली! पण घरी आली ती हसत. म्हणाली, "ह्या वेळी खरं झालं बघ."

तुमचं पोरगं अजून शाळेत नसंल. पण बहीण, वहिनी, शेजारची काकी असंलच की. सभेची नोटीस दिसली की फोटो काढून त्यांना पाठवा. आणि वेळ अडचणीची असंल तर बदलून मागा.

भेटू पुढच्या भागात. राम राम!