धूळ ओढणाऱ्या यंत्राचे रूप

झाडताना नाकातोंडात जाणारी धूळ काय त्रास देते, हे आपल्याला सांगायला नको. अमेरिकेतील ओहायो राज्यात, कँटन शहरी, जेम्स स्पँगलर नावाचा एक झाडूवाला होता. त्याला दम्याचा विकार. १९०७ साली त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढणारे यंत्र बनविले. कातडी सामानाचे व्यापारी विल्यम हूवर यांनी त्याचे हक्क घेतले आणि हा ‘व्हॅक्यूम क्लीनर’ बाजारात आला.

यंत्र कामाचे खरे, पण रूप कारखान्यातल्या अवजाराचे! पुढे १९२९ नंतर मंदी आली, माल खपेना. तेव्हा कारखानदारांनी वस्तूचा आकार व बांधणी ठरविणाऱ्या कलावंतांना, म्हणजे इंडस्ट्रियल डिझायनरांना, बोलाविले.

त्यांतले दोघे पाहा. लरेल गिल्ड याने १९३७ साली इलेक्ट्रोलक्सचे तीस नंबरचे मॉडेल सजविले. चकचकीत क्रोमियम, लांबट गोल अंग; जणू भरधाव आगगाडीच! आता सतरंजीवर हळूहळू सरकणाऱ्या यंत्राला वारा कापायचा असतो थोडाच? पण त्या काळी वेगाची भुरळ होती, आणि डोळ्यांना भावते ते विकले जाते.

दुसरा हेन्री ड्रेफस. हा मूळचा रंगभूमीवरचा नेपथ्यकार. १९३६ साली त्याने हूवरच्या दीडशे नंबरच्या यंत्राला बेकेलाईटचे गुळगुळीत आवरण दिले. शिवाय अंगासाठी मॅग्नेशियम हा हलका धातू वापरला. आवरण डोळ्यांसाठी, पण हलकेपणा मनगटासाठी, बरं का! त्याची रीतच तशी होती. तो स्वतः गालिचे साफ करी, ट्रॅक्टर चालवी, शेतात खतसुद्धा पसरी. १९३८ साली जॉन डीअरच्या ट्रॅक्टरांना नवे रूप आले, तेही त्याच्याच हातून. वस्तू वापरताना माणूस अवघडला, तर चूक माणसाची नव्हे, वस्तू घडविणाराची, असा त्याचा कटाक्ष.

शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात एखादा विळा किंवा केरसुणी आणा आणि मुलांना विचारा, “ही धरताना कोणाची कंबर वाकते? कोणाचा हात दुखतो?” चकाकी दुकानात दिसते, कंबरेचे दुखणे घरी कळते. चांगले रूप कोणते, हे ठरविताना त्या कंबरेला आधी विचारावे.