परसबाग : श्रावणातली आणि वैशाखातली

(सावरगाव येथे परसबाग लावणाऱ्या कुटुंबांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



परसबागेवर चार शब्द सांगण्यासाठी आपण मला उभे केलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे. कृषी विस्ताराच्या कामात माझी बहुतेक हयात विदर्भात गेली. निवृत्तीनंतर जाम नदीच्या या तीरावर, वडिलोपार्जित घरी येऊन राहिलो. 1956 पूर्वी हा सारा मुलूख एकाच राज्यात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या. 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. तथापि, सीमेच्या दोन्ही बाजूंस काळी माती तीच आहे, संत्र्याच्या बागा त्याच आहेत आणि कोथिंबिरीला 'सांभार' म्हणणारी जीभही तीच आहे. म्हणून येथील अनुभव सीमेपलीकडच्या घरांनाही उपयोगी पडेल, असे मला वाटते.

आपल्या भागातील शेतकरी संत्र्याचे झाड वर्षानुवर्षे जिवापाड जपतो, कपाशीचे बोंड न् बोंड निरखतो. परंतु त्याच्याच घरातील गृहिणी आठवडी बाजारातून सुकलेली मेथी विकत आणते. ही विसंगती दूर करावी, या हेतूने मी सुमारे तीस वर्षे गावोगावी परसबागेचा प्रचार केला. त्या प्रचारात एक मोठी उणीव राहून गेली होती. ती मला कोणत्याही पुस्तकाने दाखवून दिली नाही. माझ्याच परसबागेने दाखविली. आज तीच हकीकत आपणांपुढे ठेवणार आहे.

पहिले वर्ष : चढ

येथे आल्यावर घरामागील पडीत जागा साफ करून मी अर्ध्या गुंठ्यात, म्हणजे सुमारे 50 चौरस मीटर जागेत वाफे आखले. मृग निघताच भेंडी, गवार, चवळी, दोडके, कारले, कोहळे, वांगी, मिरची असे सर्व काही लावले. पाऊस चांगला झाला. श्रावणात वेल छपरावर गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पळसाचे झाड नदीपात्रात रोवून जेव्हा पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार भरते, तेव्हा प्रत्येक घरी पाहुणे असतात. त्या दिवशी माझ्या घरी आलेला प्रत्येक पाहुणा दोडक्याची जुडी घेऊनच परतला. माझ्या मनाला अभिमानाचा स्पर्श झाला नाही, असे म्हणता येणार नाही.

शेजारच्या एका वृद्ध मातोश्री तेवढ्या काही बोलल्या नाहीत. मीच मुद्दाम विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "श्रावणातली वाडी कोणाचीही हिरवी असते जी. वैशाखातली दिसू द्या, मग बोलू."

उतार : रोग, किडी आणि माझ्या चुका

वैशाखापर्यंत वाट पाहावी लागली नाही. भाद्रपदातच भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या. हा केवडा रोग विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. रोगट झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही; ते उपटून नष्ट करणे एवढाच उपाय उरतो. हे इतरांना शिकविणारा मी स्वतःच्या बागेत मात्र 'आणखी चार भेंड्या मिळतील' या लोभाने झाडे ठेवून बसलो आणि पंधरा दिवसांत सगळी ओळ पिवळी झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला 'परभणी क्रांती' हा वाण या रोगास बऱ्याच अंशी दाद देत नाही म्हणून प्रसिद्धीस आला. तसे सहनशील वाण निवडणे आणि पहिले रोगट झाड दिसताच काढून टाकणे, या दोन्ही गोष्टी बरोबर केल्या तरच भेंडी हाती लागते.

वांग्याचे शेंडे माना टाकू लागले. शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीचे हे काम. मी शेंडे खुडले खरे, परंतु जवळच्याच खतखड्ड्यावर फेकले. आतील अळ्या जिवंत राहिल्या आणि आपला जीवनक्रम त्यांनी तेथेच पुरा केला. खुडलेला शेंडा जाळावा किंवा खोल पुरावा, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि सायंकाळी दमल्यावर तसे करणे, यांत अंतर असते.

कोहळ्याच्या वेलास फुले भरपूर, फळ मात्र नाही. घरातील मंडळींनी वेल उपटण्याचा निर्णयही घेतला होता. वस्तुतः या वेलावर नर फुले आधी येतात, मादी फुले मागाहून. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते, ही तिची खूण. पावसाच्या झडीत मधमाश्या फिरकत नाहीत, तेव्हा सकाळी नुकतेच उमललेले नर फूल खुडून त्यातील पराग मादी फुलास हाताने लावावा. असे केल्यावर आमच्या वेलास फळे धरली. शेणखताची चूक याहून मोठी होती. न कुजलेले शेण घाईने वाफ्यांत घातल्यामुळे हुमणी आणि उधई झाली व मिरचीची रोपे मुळांतून गेली. पुरते कुजलेले, हातात चुरडणारे आणि दुर्गंधी नसलेले खतच बागेस द्यावे.

तरीही या सर्व हानीस मी खरा उतार म्हणत नाही. किडी-रोग प्रत्येक बागेत येतात, आणि राख, निंबोळीचा अर्क व वेळेवरची नजर यांनी ते बऱ्याच अंशी आवरता येतात. खरा उतार पुढे होता.

बारा बादल्यांचा हिशेब

माघ सरला आणि ऊन तापू लागले. विहिरीचे पाणी खाली गेले. बाग कोमेजू लागली, तरी सकाळी वाफे ओले दिसत. मला वाटे, सांडपाणी पुरत आहे. एके दिवशी पहाटे लवकर उठलो, तेव्हा माझी पत्नी आणि सून विहिरीवरून बादल्या वाहताना दिसल्या. मी परसबागेचा पुरस्कर्ता. माझी बाग वाळली तर गावात शोभणार नाही, म्हणून त्या दोघी कित्येक दिवस न बोलता पाणी ओढीत होत्या.

त्या दिवशी मी प्रथमच वही घेऊन बसलो. हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी द्यावयाचे तर एक लिटर पाणी लागते. कडक उन्हाळ्यात, आच्छादन घातले असतानाही, भाजीच्या वाफ्यास दररोज सुमारे 6 मिलिमीटर पाणी द्यावे लागते. म्हणजे माझ्या 50 चौरस मीटरांस रोज 300 लिटर. 15 लिटरच्या 20 बादल्या. आमच्या पाच माणसांच्या घरातून न्हाणीचे आणि स्वयंपाकघराचे बागेजोगे सांडपाणी निघे 8 बादल्या. उरलेल्या 12 बादल्या रोज दोन स्त्रियांच्या खांद्यांवरून येत होत्या.

भगिनींनो, तीस वर्षांत मी केलेल्या एकाही भाषणात या बारा बादल्यांचा उल्लेख नव्हता. 'सांडपाण्यावर परसबाग फुलवा' हे वाक्य मी असंख्य वेळा उच्चारले. किती सांडपाण्यावर किती बाग, हे कधी सांगितले नाही. त्या वर्षी वैशाखात मी स्वतःच बागेचा मोठा भाग मोडला. शेजारच्या मातोश्रींचे बोलणे मला तेव्हा समजले.

हे केवळ माझ्याच बाबतीत घडले असेही नाही. 1939 साली महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्लंडमध्ये घरोघरी भाजीपाला पिकविण्याची मोहीम निघाली. पुढे अमेरिकेतही अशा लक्षावधी बागा झाल्या. युद्ध संपले, उत्साह ओसरला आणि त्यांतील पुष्कळशा बागा ओस पडल्या. उत्साहावर उभारलेली बाग उत्साहाएवढीच टिकते.

बाग किती मोठी असावी ?

यावरून मी एक नियम बांधला आहे. बागेचे माप श्रावणातील पावसाने ठरवू नये. वैशाखातील सांडपाण्याने ठरवावे. आठ बादल्या म्हणजे 120 लिटर. त्यास 6 ने भागले असता 20 चौरस मीटर येतात. पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद, एवढीच आमची बारमाही बाग. आपापल्या घरच्या बादल्या आठ दिवस मोजा आणि हाच भागाकार करा. पावसाळ्यात उरलेल्या जागेत दोडके, कारले, चवळी, कोहळे खुशाल लावावेत. पाऊस सरला की त्यांचा हंगाम संपतो व जागेस विश्रांती मिळते. वालाचा वेल मात्र कुंपणावर ठेवावा. तो पावसाळ्यात लावून थंडीत शेंगा देतो.

सांडपाण्याविषयी दोन सूचना. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी वाफ्यांत सोडू नये. त्यातील सोडियममुळे आपली काळी चिकण माती घट्ट होते व पाणी मुरत नाही. ते पाणी खडी-वाळू भरलेल्या खड्ड्यातून केळी आणि अळू यांकडे वळवावे. न्हाणीचे पाणीही पानांवर न ओतता मुळाशी द्यावे. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी पालेभाजीसाठी राखावे.

काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व रोपे मरतात, म्हणून तेव्हा एक वीत उंचीचे गादीवाफे करावेत. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते, म्हणून वाळलेला पाला किंवा सोयाबीनचे कुटार चार बोटे जाडीने पसरावे. पालक, मेथी, सांभार एकाच दिवशी सर्व न पेरता दर पंधरवड्यास एकेक ओळ पेरावी. अन्यथा आज पाटी भरून आणि महिनाभर काहीच नाही, अशी गत होते. वांगी, टोमॅटो, मिरची ही एकाच कुळातील. एका वाफ्यात त्यांच्यामागून पुन्हा तीच न घेता चवळी अथवा पालेभाजी घ्यावी. उन्हाळ्यात मेथीचा हट्ट सोडून गवार, चवळी, तांदुळजा आणि चिवळ यांवर समाधान मानावे. बांधाला एक मुनगा, एक गोडलिंब आणि एक लिंबू एवढी झाडे असली, म्हणजे वाईटात वाईट महिन्यातही बाग रिकामी राहत नाही.

किडींसाठी 50 ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळी फवारावी. वेलांच्या कोवळ्या पानांवरील तांबड्या भुंगेऱ्यांसाठी चुलीची राख सकाळी दवात भुरभुरावी. मुख्य औषध मात्र रोज सकाळी बागेतून एक फेरी मारणे, हेच होय.

बाग कोणासाठी ?

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ माणसास दररोज सुमारे 400 ग्रॅम भाजी सुचविली आहे. पाच माणसांस दिवसाला दोन किलो झाली. वीस चौरस मीटरांची बाग एवढी भाजी देणार नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ती देईल ते असे : रोजच्या पानात मूठभर ताजी पालेभाजी, आणि हात रिकामा असतानाही चुलीवर चढविण्यास काहीतरी. ही प्राप्ती लहान नव्हे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. केवळ पालेभाजीने तो जाईल, असा दावा मी करणार नाही. वैद्यांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. परंतु पालेभाजीवर लिंबू पिळल्याने तीतील लोह अंगी अधिक लागते, आणि हे दोन्ही परसातच मिळू शकते. अट एवढीच, की ती भाजी घरातील स्त्रीच्या ताटातही पडावी. सर्वांचे जेवण होऊन तळाला उरलेला रस्सा तिच्या वाट्यास येणार असेल, तर बाग कितीही हिरवी असली तरी व्यर्थ आहे.

म्हणून बंधूंनो, माझी विनंती आपणांस आहे. ज्या बागेसाठी घरातील स्त्रियांना पाणी वाहावे लागते, ती बाग त्यांना देण्यापेक्षा त्यांच्यापासून अधिक घेते. वाफे लहान ठेवा, खताची पाटी आपण उचला, न्हाणीपासून वाफ्यापर्यंतची नाली आपण खोदा.

आज माझी बाग वीस चौरस मीटरांची आहे. तिच्यात आजही केवडा येतो, वानरे येतात, कधी एखाद्या रात्री शेजारची शेळी शिरते. वहीत मी तेही टिपून ठेवतो. मागील वर्षीचा उतार ठाऊक असला म्हणजे यंदाचा जड जात नाही. गेल्या वैशाखात शेजारच्या मातोश्री आमच्या कुंपणापाशी थांबल्या, चवळीच्या वेलाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले आणि पदरात चार शेंगा मागून घेतल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मला ते पुरेसे वाटले.

आपणही आपली बाग वैशाखात पाहण्याजोगी करावी, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद.