लहानपणीचं आईला विचारा

आज बचत, कर्जफेड बाजूला ठेवू. आज स्वमग्नतेबद्दल बोलते. डॉक्टर तिला ऑटिझम म्हणतात. लहान मुलांच्या बाबतीत हा शब्द आपण ऐकलेला असतो. पण ती मुलं मोठी होतातच ना? ज्यांचं लहानपणी कोणाच्या लक्षातच आलं नाही, त्या बायका आज तीस-पस्तिशीच्या असतील. आपल्याच बैठकीत भिंतीला टेकून बसत असतील.

मला हा प्रश्न माझ्याबद्दल पडला आहे. गटाच्या हिशेबाची वही मला जिवापाड आवडते. पण चार जणी एकदम बोलायला लागल्या की एकीचंही कळत नाही. मंडईला घर पाहुण्यांनी भरतं, रात्रभर दंडारीचा भोंगा वाजतो. दुसऱ्या दिवशी मला अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागतं. टोमणा मारलेला कळत नाही. बँकेत फोन करायचा तर आधी वाक्य पाठ करते. ठरलेली बैठक ऐनवेळी बदलली की दिवस गेलाच.

आता तुम्ही म्हणाल, यातलं थोडं आमच्यातही आहे. असेल. म्हणूनच नुसत्या यादीवरून ठरवता येत नाही. स्वमग्नता ही मेंदूची जन्मापासूनची घडण आहे. लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर त्रास सुरू झाला असेल तर कारण वेगळं असू शकतं. चिंता, नैराश्य, थायरॉईड, कानाने कमी ऐकू येणं. त्यावर उपचार आहेत, तेही तपासून घ्यावं.

मग आपलं राहिलं कसं? अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये पहिल्यांदा 11 मुलांची माहिती लिहिली, त्यात मुली तीनच. 2010 च्या 'माय नेम इज खान'मध्येही दाखवला तो पुरुषच. आणि आपल्याकडे गप्प बसणारी पोर म्हणजे गुणाची पोर! तिच्याकडे कोण कशाला बघेल? तीच पोर सासरी आली की घमेंडी ठरते, तुसडी ठरते. मुली दुसरीचं बघून हसायला, बोलायला शिकतात आणि त्यातच थकून जातात.

डॉक्टर लहानपणाबद्दल विचारतात. ते सासरी कोणाला माहीत असणार? म्हणून माहेरी जाऊन आईला विचारा, आई नसेल तर मोठ्या बहिणीला. मी विचारलं. आई म्हणाली, "तू त लहानपणापासून अशीच होतीस वं." चिंचोके लहान-मोठे लावून ओळीत मांडायची म्हणे, एक जरी हलवला तर जेवायची नाही. भाताला वरण लागलेलं चालायचं नाही. आईला ते लाडावलेपण वाटायचं. सांगताना तिचे डोळे भरले, आणि मला फार हलकं वाटलं.

कळून काय उपयोग, असं नवऱ्याने विचारलं. प्रश्न बरोबरच होता. ही घडण औषधाने बदलत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांमध्ये स्वमग्नता आहे, तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळू शकतं. पण मला आधी एवढंच हवंय की मी खोलीत गेले म्हणजे रुसले, असं घरात कोणी समजू नये. गटात आम्ही एक केलं: एका वेळी एकीनेच बोलायचं, विषय आदल्या दिवशी सांगायचे. त्याला कुठलं प्रमाणपत्र लागलं नाही. उलट आमच्या दोन म्हाताऱ्या सभासद म्हणाल्या, आता आम्हालाही ऐकू येतं.

कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. तपासणीसाठी मात्र मानसोपचार तज्ज्ञांकडेच जावं लागतं. जाताना लहानपणीच्या गोष्टी कागदावर लिहून न्या, तिथे आयत्या वेळी आठवत नाहीत.

मी एकदा जाऊन आले. अजून काही नक्की सांगितलेलं नाही, पुन्हा बोलावलंय. रोवणी आटोपली की जाणार आहे, या वेळी आईला सोबत घेऊन.