भंगारात निघालेली मशीन

आम्ही मुदखेडच्या एका बचत गटातल्या पाच जणी बोलतोय. आमच्यातल्या दोघी झेंडूच्या रानात फुलं तोडायला जातात, एक शिवणकाम करते, एकीचं किराणा दुकान आहे, आणि आमच्या मावशी घरीच असतात. आज हप्त्याचं किंवा पापड-लोणच्याचं बोलणार नाही. आम्हाला लागलेल्या एका नादाचं सांगणार आहोत. आम्ही कपडे धुण्याच्या जुन्या, बंद पडलेल्या मशीन आणतो, खोलतो आणि चालू करतो.

सुरुवात मावशींच्या घरी झाली. मावशींचे मालक रेल्वेत होते. नोकरीत असताना त्यांनी दोन टबांची मशीन घेतली होती. ते गेले, पुढे मशीनही बंद पडली. मग तिच्यात काही वर्षं ज्वारी ठेवली, नंतर ती गोठ्यात गेली आणि कोंबडी तिच्यात अंडी घालू लागली. मुलगा म्हणाला, भंगारवाल्याला देऊन टाकू, चारशे रुपये येतील. मावशी म्हणाल्या, "चारशे घेऊन काय करू माय? आधी बघू तरी, काहून बंद पडली ती."

आम्ही पेचकस आणि पक्कड घेऊन बसलो. पाठीमागचं झाकण काढलं तर आत उंदराचं घर! ते साफ केल्यावर दिसलं की आत भ्यावं असं फार काही नसतंच. दोन मोटरी असतात. एक धुण्याच्या टबाची, ती पट्ट्याने खालची चकती फिरवते. दुसरी पिळण्याच्या टबाची. आपण त्याला ड्रायर म्हणतो, पण तो कपडे वाळवत नाही, जोरात फिरवून पाणी फेकतो. वाळवायला आपलं ऊनच लागतं. दोन मोटरींना कंडेन्सर असतो आणि वर दोन टायमर. संपला कारभार.

मैत्रिणींनो, मशीनचा आवाज ऐकायला शिका. मोटर नुसती गुंग्‌ गुंग्‌ करते आणि फिरत नाही, तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. मोटर फिरते पण चकती फिरत नाही, तर पट्टा सैल झाला किंवा तुटला. पाणी जात नाही, तर खालच्या नळीत चिंधी, बटण नाहीतर एखादं नाणं अडकलेलं असतं. पिळायच्या टबाखालून पाणी गळतं, तर तिथलं रबर फाटलं. ते लगेच बदलायचं, कारण ते पाणी सरळ मोटरीवर पडतं.

मावशींच्या मशीनचा पट्टा तुटला होता आणि एक कंडेन्सर गेला होता. दोन्ही वस्तू नांदेडहून आणल्या. जुना पट्टा आणि जुना कंडेन्सर सोबत नेले होते, म्हणून माप चुकलं नाही. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर टबाला बसला होता. तो कोमट पाण्यात लिंबूसत्त्व टाकून, रात्रभर ठेवून काढला.

आता आमची चूक सांगतो, कारण ती सांगायलाच आज आलोय. मशीन चालू झाली त्या दिवशी आम्ही सगळ्या खुशीत होतो. गोठ्यातल्या जुन्या बोर्डाला दोन पिनांची वायर जोडली आणि बटण दाबलं. आमच्यातली एक ओल्या फरशीवर, अनवाणी उभी होती. तिने मशीनच्या पत्र्याला हात लावला आणि ती मागे फेकली गेली. उंदराने कुरतडलेली एक वायर आत पत्र्याला टेकली होती. हात झिणझिणला, कोपर फुटलं, पण जीव वाचला. त्या रात्री तिच्या घरी मोठं बोलणं झालं. तिचे मालक म्हणाले, "हे बायांचं काम न्हाई, बंद करा." आमच्यातही दोघींना तसंच वाटलं.

आठ दिवस कुणी मशीनला हात लावला नाही. मग गटाच्या बैठकीत जिला झटका बसला तीच बोलली. म्हणाली, "काम बायांचं न्हाई म्हणून झटका बसला न्हाई. अर्थिंग नव्हतं म्हणून बसला." गावातल्या जाणत्या वायरमनला बोलावलं आणि त्याच्या हाताखाली बसून शिकलो. अर्थिंग असलं तर पत्र्यात उतरलेली वीज तिसऱ्या वायरीने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. नसलं तर ती आपल्या अंगातून जाते. इतकी साधी गोष्ट.

तेव्हापासून आमचे नियम ठरले आहेत. प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज साठलेली राहते, म्हणून त्याच्या दोन टोकांना बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी लावून ती उतरवून घ्यायची, मगच हात लावायचा. कुरतडलेली वायर नुसती पट्टी गुंडाळून चालवायची नाही, बदलायची. तीन पिनांचाच प्लग, आणि बोर्डात अर्थिंग आहे की नाही ते वायरमनकडून तपासून घ्यायचं. पायात चप्पल, खाली कोरडं. पिळायचा टब पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालायचा नाही. एकटीने मशीन खोलायची नाही.

आतापर्यंत आम्ही चार मशीन आणल्या. तीन चालू झाल्या. चौथीची मोटर जळालेली होती, तिचे भाग बाकीच्यांना कामी आले. कुणी विचारतं, नवी का घेत नाही? परवडत नाही हे आहेच. पण खरं सांगायचं तर खोलून बघायचा नाद लागलाय. अमेरिकेत असे हौशी लोक आहेत, जे दोन रुळांमधून कपडे पिळणाऱ्या जुन्या मशीनही जपून ठेवतात आणि चालवून दाखवतात. आपल्याकडे तर व्हिडिओकॉन मराठवाड्यातलीच कंपनी होती, तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला तिचा मोठा कारखाना. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण तिच्या मशीन अजून कितीतरी घरांत आहेत. पट्टा आणि कंडेन्सर माप जुळलं की कोणत्याही कंपनीचा चालतो.

दोन टबांच्या मशीनचा आपल्या भागात आणखी एक फायदा आहे. पाणी आपल्या हातात राहतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलो नाही. आम्ही एकाच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी धुतो. खळबळलेलं पाणी पुढच्या धुण्याला घेतो. उरलेलं संडासात जातं. साबणाचं पाणी फुलांना मात्र घालत नाही.

स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग आपल्या लहानपणची गोष्ट सांगायचे. घरात पहिली मशीन आली तेव्हा त्यांची आजी खुर्ची टाकून शेवटपर्यंत ती बघत बसली होती. आमच्या मावशीही तशाच बसल्या. मशीन थांबल्यावर त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरून बघितले आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं ह्यांनी पिळलं. आता बसू द्या यांना."

मशीन सध्या मावशींच्या ओसरीवर आहे. गटातली कुणीही गोधड्या, चादरी घेऊन येते. जिला झटका बसला होता तिचे मालकही परवा कांबळं घेऊन आले होते. आम्ही काही बोललो नाही, फक्त चप्पल घालायला सांगितली.

तुमच्या गोठ्यात, माळ्यावर अशी एखादी मशीन पडलेली असेल तर भंगारात द्यायच्या आधी पाठीमागचं झाकण उघडून बघा. पण प्लग काढून, आणि दोघी मिळून.